अर्धा अंगठा, अर्धा लेसर

सिनसिनाटीत जॉन रॉस हे नाव काढायचं असेल, तर आधी समोरच्याच्या हातात गरम काही नाही ना, एवढं बघून घ्यावं.

वास्तविक रॉसनं या शहराचं काही वाईट केलेलं नाही. कुणाचे पैसे बुडवले नाहीत, कुणाच्या घरावर दगड टाकला नाही. मार्च २०१७ मध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये तो चाळीस यार्ड अंतर ४.२२ सेकंदांत पळाला, एवढंच. चाळीस यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. अमेरिकन फुटबॉलमध्ये नवे खेळाडू पारखायच्या या परीक्षेत त्याआधी इतक्या झटपट कुणी पळाल्याची अधिकृत नोंद नव्हती. पळून झाल्यावर पोटऱ्यांत गोळे आले म्हणून गडी बाजूला झाला. पुढच्याच महिन्यात सिनसिनाटी बेंगल्स या इथल्या संघानं ड्राफ्टमधली नववी पाळी त्याच्यावर खर्च केली. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची बत्तीस संघांनी पाळीपाळीनं केलेली वाटणी. दहावी पाळी कॅन्सस सिटी चीफ्सनी दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून मिळवली होती. त्यांनी पॅट्रिक महोम्स नावाचा पोरगा उचलला. महोम्सनं पुढे कॅन्सस सिटीला तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकून दिले. रॉसनं पहिल्या मोसमात एकही झेल घेतला नाही.

झेल घेणं हेच त्याचं काम होतं, हे सांगायला हवं.

आमचे जावई नाशिकचे. एम. एस. करायला म्हणून आले, इथे ओहायोत नोकरी लागली आणि बेंगल्सचे झाले. माणूस अत्यंत शांत. मागून कुणी गाडी ठोकली तरी उतरून आधी त्यालाच ‘लागलं नाही ना’ म्हणून विचारतील. पण महोम्स पडद्यावर दिसला, की चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘‘बाबा, याचा चाळीसचा टाइम किती होता, माहितीये? चार पॉइंट आठ शून्य.’’ म्हणजे रॉसपेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त हळू. हे ते अशा सुरात सांगतात, की महोम्सच्या गुणपत्रिकेत खाडाखोड आहे आणि कुणी चौकशी लावत नाही.

मी म्हणतो, ‘‘अहो, पण तो चेंडू फेकतो ना? फेकणाऱ्याला कशाला पळायला हवं?’’

‘‘तेच तर,’’ जावई म्हणतात, आणि कप उचलतात. यातलं ‘तेच’ म्हणजे नक्की काय, ते मला आजवर समजलेलं नाही. पण सासऱ्यानं काही गोष्टी विचारू नयेत.

रविवारी दुपारी सामना सुरू असताना आमच्या घरी कुणाचा ना कुणाचा टाइम पाहिला जातोच. एखादा खेळाडू चेंडू काखोटीला मारून सुसाट सुटतो. तो टचडाउनच्या रेषेपलीकडे पोहोचायच्या आत दोन फोन बाहेर निघालेले असतात, एक जावयांचा, एक सातवीतल्या नातवाचा. आत्ता, डोळ्यांदेखत, हा गडी अकरा धटिंगणांना हुलकावणी देऊन पळालेला आहे. साठ-सत्तर हजार माणसं उभी राहून ओरडताहेत. पण तो खरोखर वेगवान आहे का, याची आमच्याकडे तशी खात्री होत नाही. त्यासाठी काही वर्षांपूर्वी अर्धी चड्डी घालून, डोक्यावर शिरस्त्राण नसताना, अंगावर कुणी धावून येत नसताना, सरळ रेषेत तो किती सेकंदांत पळाला होता, ते शोधावं लागतं. शोधून झालं की मग दोघं मान डोलावतात. ‘‘हं, आहे फास्ट.’’ तोवर तो बिचारा बाकावर जाऊन पाणी पीत बसलेला असतो.

आणि फोन कधी एकच आकडा सांगेल तर शपथ. बेंगल्सचा सध्याचा लाडका जमार चेस. त्याचा टाइम नातवानं काढला तो ४.३४. जावयांनी काढला तो ४.३८. दोघांचे फोन एकाच कंपनीचे, वाय-फाय एकच, सोफाही एकच. मी विचारलं, ‘‘यातला खरा कुठला?’’ तर दोघंही म्हणाले, ‘‘खरा म्हणजे?’’

माझं आयुष्य बँकेत गेलं. दिवसाअखेर चार आण्यांचा फरक राहिला तर कॅशियर घरी जाऊ शकत नसे, हे मी पाहिलंय. त्यामुळे एका माणसाच्या एका धावेच्या दोन नोंदी, दोन्ही पक्क्या शाईत, हे माझ्या पचनी पडेना. मग समजलं, की २०२१ मध्ये कोविडमुळे खेळाडू पारखण्याचा इंडियानापोलिसचा वार्षिक मेळावा भरलाच नाही. मुलं आपापल्या कॉलेजच्या मैदानावर पळाली. याला ‘प्रो डे’ म्हणतात. तिथे निरनिराळ्या संघांचे पारखी येतात आणि प्रत्येकाच्या मुठीत स्वतःचं घड्याळ असतं. पोरगा सुटला की पंधरा-वीस अंगठे खटकन् दाबले जातात, रेषा ओलांडली की पुन्हा दाबले जातात. मग सगळे मान वळवून शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावतात. एकाचं चार-चौतीस, एकाचं चार-अडतीस, आणि प्रत्येक जण आपलाच आकडा वहीत लिहून विमान पकडतो. ताळा म्हणून काही नाही! दुसऱ्या दिवशी ज्याच्या हाती जो आकडा लागेल तो तो छापतो. आणि पोराचा एजंट अर्थातच सगळ्यांत लहान आकडा छापतो.

हे चाळीस यार्ड आले कुठून, हे शोधताना मात्र मला खरी गंमत सापडली. आणि ती मी जावयांना सांगितली याचा थोडा पश्चात्तापही आहे. ही कल्पना क्लीव्हलँडच्या पॉल ब्राउन या प्रशिक्षकाची, असं सांगतात. या खेळात ‘पंट’ नावाचा एक प्रकार असतो. आता काही जमत नाही असं दिसलं, की चेंडू हातातून सोडून आभाळात लाथाडायचा आणि प्रतिपक्षाला देऊन टाकायचा. असा चेंडू साधारण चाळीस यार्ड लांब जातो आणि साडेचार सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. तो खाली येईपर्यंत आपला माणूस तिथे पोहोचलेला हवा. म्हणून चाळीस यार्ड, आणि म्हणून साडेचार सेकंदांची ती लक्ष्मणरेषा. हिशेब चोख आहे. क्लीव्हलँडच्या मैदानावर एका व्यवहारी माणसानं एका ठरावीक कामासाठी काढलेलं हे माप. पुढे ते सगळ्यांना लावलं गेलं, पंटमागे जन्मात कधी न धावणाऱ्या दीडशे किलोच्या पहिलवानांनासुद्धा.

तर हे पॉल ब्राउन क्लीव्हलँड सोडल्यावर कुठे गेले? ते सिनसिनाटीत आले आणि १९६८ मध्ये त्यांनी बेंगल्स हा संघ उभा केला. इथल्या स्टेडियमला २०२२ पर्यंत त्यांचंच नाव होतं. हे ऐकल्यावर जावई बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘‘म्हणजे घरातूनच सुरुवात झाली म्हणायची.’’

इंडियानापोलिस इथून गाडीनं दोन तासांच्याही आत. दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे तीनशेवर पोरं बोलावली जातात. १९८७ पासून हा मेळावा, ज्याला ‘कम्बाइन’ म्हणतात, तिथेच भरतो. मी तो पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा मला जराही परका वाटला नाही. हा आमच्या पिढीतला दाखवण्याचा कार्यक्रम! तिथे ‘जरा चालून दाखव हं’ म्हणायचे, इथे ‘जरा पळून दाखव’ म्हणतात, एवढाच काय तो फरक. मंडळी ओळीनं बसलेली. चेहऱ्यावर पसंत-नापसंत काही दिसू द्यायचं नाही, असा सगळ्यांचा पण. उंची मोजतात ती इंचाच्या आठव्या भागापर्यंत, म्हणजे आमच्या वेळी ‘पाच-तीन सांगितलं होतं, पाच-दोन निघाली’ म्हणून जे स्थळ मोडलं, ते इथेही मोडलं असतं. मग वजन. मग हाताची लांबी. मग पंजा पसरायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत मोजतात. मग अर्ध्या चड्डीवर उघड्या अंगानं उभं करून फोटो. टॉम ब्रेडीचा २००० सालचा असा फोटो अजून लोक हौसेनं काढून बघतात. खांदे पडलेले, पोट जरासं सुटलेलं, चेहऱ्यावर ‘घरी कधी जायचं’ असे भाव. चाळीस यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले. ड्राफ्टच्या पाच फेऱ्यांत त्याला कुणी विचारलं नाही. सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकाला न्यू इंग्लंडच्या संघानं त्याला पदरात घेतलं. पुढे त्यानं सात सुपर बोल जिंकले. मुलाकडच्या मंडळींना अशा वेळी काय वाटत असेल, ते विचारायला नको.

शिवाय २२५ पौंडांचं, म्हणजे शंभर किलोंच्या वरचं वजन आडवं पडून किती वेळा उचलतोस ते दाखव. जागेवरून उंच उडी मार. लांब उडी मार. तीन शंकूंभोवती गिरक्या घे. अगदी परवापरवापर्यंत बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायची एक बुद्धीची चाचणीही घ्यायचे. ती २०२२ मध्ये बंद केली. संध्याकाळी बंद खोलीत मुलाखती. आणि सगळं झाल्यावर तेच, ‘कळवतो.’ कळतं ते एप्रिलमध्ये.

विती मोजण्यावरून आठवलं. बेंगल्सचा आजचा कर्णधारच म्हणावा असा जो बरो २०२० मध्ये कम्बाइनला आला, तेव्हा त्याचा पंजा भरला नऊ इंच. चेंडू फेकणाऱ्याच्या मानानं कमी. झालं, लोकांनी डोक्याला हात लावला. बरोनं स्वतःच जाहीर केलं, की चेंडू या चिमुकल्या हातांतून निसटणार असं समजल्यामुळे आपण निवृत्तीचा विचार करतोय. बेंगल्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. हा बरो त्या वेळी चाळीस यार्ड पळालाच नाही. त्यामुळे शहराच्या सगळ्यांत लाडक्या खेळाडूचा टाइम शोधायला गेलं, की आमच्या घरात शांतता पसरते. नातू सांगतो, ‘‘डिड नॉट पार्टिसिपेट.’’ जावई पुन्हा शोधायला सांगतात. आता कोणता आकडा निघणार आहे त्यातून? पण सांगतात.

आता मुख्य मुद्दा. इंडियानापोलिसचा आकडा तरी पक्का असेल, असं मी धरून चाललो होतो. तिथे यंत्रं आहेत, दिवे आहेत, पडद्यावर शंभराव्या भागापर्यंत सेकंद उमटतो. विक्रमांची उतरंड बघा: २००८ मध्ये ख्रिस जॉन्सन ४.२४, २०१७ मध्ये रॉस ४.२२. एक शतांश, दोन शतांश सेकंदावरून नावं वरखाली होतात. पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

तर ही घड्याळं सुरू कोण करतं? माणूस! खेळाडू ओणवा होऊन एक हात जमिनीला टेकतो. बंदूक वाजत नाही, कुणी ‘तयार’ म्हणत नाही. मनाला येईल तेव्हा सुटायचं. तो हललेला दिसला, की एक गृहस्थ अंगठ्यानं बटण दाबतात. शेवटच्या रेषेवर मात्र लेसर. म्हणजे धाव संपते ती प्रकाशाच्या वेगानं, आणि सुरू होते ती कुणाच्या तरी अंगठ्याच्या वेगानं. डोळ्याला दिसून बोट हलायला भल्याभल्यांना एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात रॉसचे पहिले दोन-चार श्वास... नाही, श्वास कसले, ही मुलं चाळीस यार्डांत श्वासच घेत नाहीत म्हणे. तेही शिकवतात. जानेवारीपासून फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोनात खास शिकवण्या लावलेल्या असतात. बोटं कुठे टेकायची, कंबर किती वर, पहिलं पाऊल किती लांब, मान कधी उचलायची. ज्या खेळाडूनं सामन्यात जन्मभर उभ्याउभ्याच सुटायचंय, तो दोन महिने ओणवं होऊन सुटायचा सराव करतो. परीक्षा झाली की ते सगळं विसरायचं. कोचिंग क्लास म्हटला की तो सगळ्या जगात सारखाच.

अंगठ्याचा हा प्रकार मला कळल्यावर आमच्या घरी प्रयोग होणं अटळ होतं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवणं व्हायची होती. घरासमोर बंद टोकाचा रस्ता आहे, गाड्यांची वर्दळ नाही. नातवानं गॅरेजमधली टेप काढली आणि १२० फूट मोजून दोन्ही टोकांना कचऱ्याचे डबे उभे केले. पळणार जावई. समोर आदर्श रिच आयझन या निवेदकाचा. हे गृहस्थ कम्बाइनच्या निमित्तानं अंगावर सूट चढवून चाळीस यार्ड पळतात. २००५ साली पहिल्यांदा पळाले ते ६.७७ सेकंदांत. २०१६ मध्ये ५.९४ पर्यंत आले. आता त्यातून लहान मुलांच्या इस्पितळासाठी पैसे उभे करतात. जावयांचं म्हणणं, सुटाबुटातला माणूस पाच-चौऱ्याण्णवनं पळतो, तर आपण चिनो पँटवर सहाच्या आत यायला काय हरकत आहे? हरकत कुणाचीच नव्हती. लेकीनं तेवढं विचारलं, की पाय मुरगळला तर टर्की कोण कापणार?

वेळ घेणारे तिघं. नातू, लेक आणि मी. जावई ओणवे झाले. उजवा हात रस्त्यावर, डावा मागे कमरेवर, पँटचं काय होईल याची चिंता चेहऱ्यावर. एक क्षण, दोन क्षण. शेजारच्यांचं कुत्रं कुंपणापर्यंत येऊन बघायला लागलं. आणि सुटले! पहिली तीन पावलं खरोखर जोरात होती, ते मला नमूद केलंच पाहिजे. चौथ्या पावलानंतर जावई पळत होते की पडत होते, याबद्दल मतभेद आहेत. दुसरा डबा ओलांडून ते थेट शेजाऱ्यांच्या हिरवळीवर जाऊन थांबले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि तोंडानं नव्हे, बोटांनी विचारलं, ‘किती?’

नातवाचं घड्याळ, ७.४१. लेकीचं ६.९०. माझं ६.३८.

एक सेकंदाहून जास्त तफावत! नातवाला वडिलांचा राग असायचं कारण होतं. सकाळीच व्हिडिओ गेम बंद झाला होता. त्यानं म्हणे जावयांचा खांदा नुसता हलला तेव्हाच दाबलं, आणि शेवटी ‘पूर्ण शरीर’ डब्यापलीकडे जाईपर्यंत थांबला. लेकीनं संसारी माणसासारखं मधलं काहीतरी लावलं. आणि मी? माझा अंगठा सुरुवातीला जरा उशिरा पडला आणि शेवटी जरा लवकर पडला. जावई आहेत ते. बँकेत हे मी कधी केलं नसतं, पण बँकेत जावई नव्हते. रात्री जेवताना त्यांनी फोनवर नाशिकला सांगितलं, ‘‘सहा-अडतीस.’’ कोणत्या अंगठ्याचं, ते सांगितलं नाही. असेच पोहोचतात आकडे.

यानंतर मी जुने टाइम वाचतो ते निराळ्या नजरेनं. बो जॅक्सन १९८६ मध्ये पळाला तो ४.१२, असं अमेरिकेतल्या कुठल्याही सलूनमध्ये सांगतील; शेजारच्या खुर्चीतला ४.१३ सांगेल. हातातली घड्याळं होती ती, आणि बो जॅक्सन आवडायचा सगळ्यांना. डिऑन सँडर्सचं तर असं सांगतात, की पळत शेवटच्या रेषेपलीकडे गेला, तसाच पळत दारातून बाहेर पडला आणि गाडीत बसून निघून गेला. हे खरं असेल-नसेल, पण पळायच्या परीक्षेला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. आणि जेरी राइस! चेंडू झेलून जितके यार्ड त्यानं काढले, २२,८९५, तेवढे कुणीही काढलेले नाहीत. त्याचा टाइम शोधा. ४.५९ पासून ४.७१ पर्यंत जो हवा तो मिळेल. ज्याला ‘राइस हळू होता, तरी थोर झाला’ असं सांगायचंय तो ४.७१ उचलतो. ज्याला ‘उगाच बदनाम केलं’ म्हणायचंय तो ४.५९. १९८५ मध्ये पंधरा खेळाडू त्याच्याआधी घेतले गेले, एवढं मात्र दोन्ही बाजूंना मान्य.

जावयांना दुःखात सोबत लागते, तेव्हा ते ओकलंड रेडर्सकडे वळतात. २००९ मध्ये रेडर्सनी डॅरियस हेवर्ड-बे हा ४.३० वाला सातव्या क्रमांकावर घेतला आणि मायकल क्रॅबट्री सोडला. क्रॅबट्रीचा पाय दुखावलेला असल्यामुळे तो कम्बाइनला पळालाच नव्हता. दोघांची पुढची कारकीर्द शेजारीशेजारी ठेवली, की कोण सरस ते सांगावं लागत नाही. जावई हे वाचून कपाळाला हात लावतात आणि त्यांना जरा बरं वाटतं.

नातवाची शंका वेगळीच. ‘‘आजोबा, उसेन बोल्ट किती पळाला असता?’’ उत्तर आहे. निवृत्त होऊन दीड वर्ष झाल्यावर, २०१९ च्या सुपर बोलच्या वेळी अटलांटात बोल्ट साधी ट्रॅकपँट आणि स्नीकर्स घालून चाळीस यार्ड पळाला. घड्याळात आले ४.२२. बरोबर रॉसएवढे! जावई चार बोटं उंच झाले. मी त्यांना जमिनीवर आणलं. २००९ मध्ये बर्लिनला बोल्टनं शंभर मीटरचा ९.५८ चा विक्रम केला, तेव्हा चाळीस मीटरला तो ४.६४ सेकंदांत पोहोचला होता. पण तिथे घड्याळ बंदुकीपासून चालू होतं, बोल्ट हलण्याच्या आधीचे ०.१४६ सेकंदही त्यात धरलेले, आणि अंतर जवळजवळ साडेतीन मीटर जास्त. तिथे अंगठ्याला जागा नाही. जावयांनी विचारलं, ‘‘पण तो तयारीनिशी पळाला ना बर्लिनला? अटलांटात तर गंमत म्हणून.’’ म्हणजे माझाच मुद्दा ते मला ऐकवत होते, पण रॉसच्या बाजूनं.

बाय द वे, रॉसला विक्रमाच्या दिवशी एक बेट मिळता मिळता राहिलं. आदिदासनं जाहीर केलं होतं, की आमचे बूट घालून जो विक्रम मोडेल त्याला एक बेट बक्षीस. रॉसच्या पायात नायकीचे बूट होते. त्यानं हसून सांगितलं, की आपल्याला पोहता येत नाही आणि आपल्याकडे होडीही नाही. मला हा मुलगा तेव्हापासून आवडतो. दुखापतींनी त्याला छळलं, हेही खरं. दुसऱ्या मोसमात त्यानं सात टचडाउन केले. पण हे सिनसिनाटीत कुणी शोधत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बेंगल्स सुपर बोल खेळायला उतरले. घरात उपास-तापास चालले होते. जावयांनी तर सोफ्यावरची आपली जागा बदलायची नाही म्हणून पाण्याचा ग्लासही मागून घेतला. समोर लॉस एंजेलिस रॅम्स. दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, चेंडू आमच्या दाराशी आणून, रॅम्सच्या कूपर कपनं टचडाउन केला. सामना २३-२० असा गेला. सामनावीर कूपर कप.

घरात कुणी बोलेना. मग जावयांनी फोन काढला. नातवानं काढला. मला वाटलं, आता तरी हे काही शोधणार नाहीत.

‘‘चार-बासष्ट,’’ नातू म्हणाला. ‘‘ट्वेंटी सेव्हन्टीन कम्बाइन.’’

म्हणजे तेच मैदान, तोच मार्च, रॉसच्याच गटातली परीक्षा. ड्राफ्टमध्ये कप गेला तो एकोणसत्तराव्या क्रमांकाला. दोघं शेजारीशेजारी पळाले असते, तर रॉस रेषेवर पोहोचला तेव्हा कप साडेतीन-चार यार्ड मागे असता. जावई त्या ४.६२ कडे कितीतरी वेळ बघत होते. ‘‘इतका हळू?’’ ते म्हणाले. ‘‘मग आपल्याला सापडला कसा नाही तो?’’

रॉसचा विक्रम मात्र उभा होता. ते एक होतं आपलं. २०२४ च्या मार्चमध्ये टेक्ससचा झेवियर वर्दी पळाला. पडद्यावर आधी उमटलं ४.२२. जावई उठून उभे राहिले. बरोबरी झाली, पण गेला नाही, असं त्यांचं म्हणणं. मग अधिकृत आकडा आला, ४.२१. एप्रिलमध्ये वर्दीला कुणी घेतलं, तर कॅन्सस सिटीनं. म्हणजे आता चेंडू फेकायला महोम्स, आणि पकडायला हा.

जावयांनी सोफ्यावर बसल्याबसल्या ती धाव पुन्हा लावली. पुन्हा लावली. मग आवाज बंद करून लावली.

‘‘बाबा, वारा मागून असेल का हो?’’

‘‘अहो, बंद छपराखाली पळतात ते.’’

‘‘हं,’’ जावई म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावून, पोरगा पहिल्यांदा नक्की कधी हलतो ते बघायला चष्मा पुसू लागले.